भरपाई देण्याची ऐपत नसेल तर?

(ट्रस्टच्या महोत्सवी सभेत शनवारा येथे दिलेले व्याख्यान)



या महोत्सवी सभेत चार शब्द बोलावेत अशी सूचना चिटणीससाहेबांकडून आली, ती आम्ही आनंदाने मान्य केली. संस्थेच्या कार्याचा गौरव आमच्याहून अधिकारी वक्त्यांनी आधीच केला आहे. आम्ही पडलो शाळामास्तर. मुलांच्या दाखल्याकरिता येणारे पालक जाता जाता एखादा कागद पुढे करतात आणि ‘मास्तरसाहेब, यात काय लिहिले आहे तेवढे वाचून सांगा’ म्हणतात. त्यांत न्यायालयाचे समन्स असते, वकिलाची नोटीस असते. आणि पुष्कळदा मतितार्थ एकच असतो की, तुमच्यामुळे आमचे इतके नुकसान झाले, ते भरून द्या. कागद आणणाराचा प्रश्नही ठरलेलाच असतो. ‘पैसे तर नाहीत, आता तुरुंगात घालतील का?’ या एका प्रश्नाचे उत्तर आज आपल्यापुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

शनवाऱ्यासारख्या वस्तीत हा प्रश्न पुस्तकी नाही. येथे घराला घर लागून आहे आणि कारखान्याला कारखाना. एका शेडमध्ये तारेची ठिणगी पडली तर शेजाऱ्याचे सूत जळते. नवी मोटारसायकल हाती आलेला पोर वळणावर दुकानाच्या फळीवर आदळतो. गावाबाहेर केळीच्या बागेत शेळ्या शिरतात. आणि नुकसान करणारा हा बहुधा नुकसान सोसणाऱ्याइतकाच गरीब असतो. म्हणजे एका बाजूस न्याय्य मागणी आणि दुसऱ्या बाजूस रिकामा खिसा. या दोहोंच्या मध्ये कायदा कसा उभा राहतो, हे समजून घेण्यासारखे आहे. आम्ही वकील नाही, तेव्हा प्रत्यक्ष प्रकरणात वकिलाचा सल्ला घेतलाच पाहिजे, हे आधीच सांगून ठेवतो.

पहिली गोष्ट अशी की, नुकसानीच्या प्रकरणाला दोन दारे आहेत. एक फौजदारी आणि दुसरे दिवाणी. फौजदारी दार उघडते ते मनुष्याच्या हेतूमुळे. दुसऱ्याचे नुकसान व्हावे या हेतूने, किंवा ते होण्याचा संभव आहे हे ठाऊक असून, एखादी वस्तू नासविली तर त्यास मराठी कायद्याच्या भाषेत ‘आगळीक’ म्हणतात. आपल्याकडील हिंदी कागदांत ‘रिष्टि’ हा शब्द आढळतो. पूर्वी हा गुन्हा भारतीय दंडसंहितेत होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४ मध्ये आहे. साध्या आगळिकीस सहा महिन्यांपर्यंत कैद वा दंड, नुकसान वीस हजारांपासून एक लाखाच्या आत असेल तर दोन वर्षांपर्यंत, आणि एक लाख किंवा अधिक असेल तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आग लावून घर नष्ट करण्याची शिक्षा याहून पुष्कळच कडक आहे. विस्तवाशी किंवा यंत्राशी बेफिकिरीने वागून लोकांच्या जिवास धोका आणला, किंवा रस्त्यावर भरधाव गाडी हाकली, तर त्यासाठीही स्वतंत्र कलमे आहेत. परंतु निव्वळ चुकून हातून काही फुटले, जळले, मोडले, तर ती आगळीक होत नाही. पोलिसांत देण्याची धमकी ऐकून गर्भगळीत होण्यापूर्वी हा भेद ध्यानात घ्यावा.

फौजदारी न्यायालय दंड करते तेव्हा, तो न भरल्यास आणखी किती कैद, हेही ठरवून देते. नुकसान झालेल्या माणसाला भरपाई द्यावी असा हुकूमही ते करू शकते. येथे पुष्कळांचा एक गैरसमज असतो की, ‘तुरुंगात जाऊन आलो म्हणजे सगळे फिटले.’ तसे नाही. भरपाईचा हुकूम झाला असेल तर ती न दिल्याबद्दल कैद भोगूनही भरपाईचे देणे उरते.

आता दिवाणी दार. हे दार हेतू विचारीत नाही, निष्काळजीपणा विचारते. ज्याचे नुकसान झाले त्याने साधारणतः तीन वर्षांच्या आत दावा लावावा, समोरच्याची हयगय आणि नुकसानीची रक्कम पुराव्याने शाबीत करावी, म्हणजे न्यायालय रकमेचा हुकूमनामा देते. हुकूमनाम्याचे आयुष्य बारा वर्षांचे असते. त्या मुदतीत केव्हाही वसुलीची दरखास्त देता येते, आणि हुकूमनाम्यानंतरच्या काळाचे व्याजही साधारणतः दरसाल शेकडा सहापर्यंत लागू शकते. म्हणजे आज खिशात पैसा नाही म्हणून देणे बुडत नाही. ते वाट पाहत उभे राहते.

मग तुरुंगाचे काय? याचे उत्तर देण्यापूर्वी थोडे मागे जावे लागेल. इंग्रजी अमलात हुकूमनाम्याची रक्कम न देणाऱ्यास दिवाणी तुरुंगात टाकण्याची वाट सावकारास मोकळी होती, आणि ऐपत नसलेल्या शेतकऱ्यालाही ती दाखविली जाई. या व अशा अनेक जाचांचा स्फोट १८७५ साली झाला. १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे आसपासच्या रयतेने जमून सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे मागून घेतले व जाळले. काही ठिकाणी धान्याची दुकाने लुटली गेली, सावकारांची घरेही पेटविली गेली. हे लोण अहमदनगर जिल्ह्यात पोचले आणि तीसहून अधिक गावे त्यात आली. गावोगाव पोलिसांची ठाणी बसली आणि ९५१ माणसे पकडली गेली. नुकसान करणाऱ्यांना शिक्षा झाल्या हे खरेच. पण सरकारला चौकशी समितीही नेमावी लागली. आणि तिच्या अहवालानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला, त्याने पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांत पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्यास अटक व कैद करणे बंद केले. आपले बऱ्हाणपूर तेव्हा मध्यप्रांताच्या निमाड जिल्ह्यात होते, म्हणून तो कायदा येथे लागू झाला नाही. तथापि, गरिबीला कैद हे औषध नव्हे, ही गोष्ट सरकारने या भागात प्रथम तेव्हा कबूल केली, असे म्हणावयास हरकत नाही.

तीच सवलत शेतकऱ्यापुरती न राहता सर्व देणेकऱ्यांना मिळाली ती १९३६ साली. त्या वर्षी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५१ ला जी पुस्ती जोडली गेली, तीच आजही लागू आहे. तिच्या योगाने देणेकऱ्यास कैदेत घालण्यापूर्वी न्यायालयाने त्यास नोटीस देऊन बोलावावे, त्याचे म्हणणे ऐकावे आणि कारणे लिहून ठेवावीत, असे बंधन आले. कारणेही ठरलेली आहेत. तो वसुली चुकविण्यासाठी पळून जाण्याच्या बेतात आहे. किंवा त्याने मालमत्ता लबाडीने दुसऱ्याच्या नावे केली वा लपविली आहे. किंवा हुकूमनाम्यानंतर त्याच्याजवळ देण्यापुरते साधन असूनही तो देत नाही. किंवा ती रक्कम दुसऱ्याने विश्वासाने त्याच्या हाती सोपविलेली होती. यांपैकी काहीच नसेल तर कैद नाही. १९८० साली सर्वोच्च न्यायालयात एका बँकेच्या देण्याच्या प्रकरणी न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हाच मुद्दा अधिक ठाम केला. केवळ देता येत नाही एवढ्यावरून माणसाला डांबणे हे घटनेच्या एकविसाव्या कलमातील जीवित व स्वातंत्र्याच्या हमीशी विसंगत आहे. मुळात दानत वाईट असल्याचे दिसले पाहिजे, असा त्या निर्णयाचा आशय आहे.

दानत वाईट ठरली तरी त्या कैदेला मर्यादा आहेत. दोन हजारांपर्यंतच्या देण्यासाठी कैदच नाही. दोन ते पाच हजारांपर्यंत सहा आठवड्यांपेक्षा अधिक नाही. त्यावरच्या रकमेस तीन महिन्यांपेक्षा अधिक नाही. स्त्रीला पैशाच्या हुकूमनाम्यापायी अटक करता येत नाही. कैद्याची खुराकी घेणेकऱ्याने भरावी लागते. ती बंद झाली की कैदी सुटतो. एकदा सुटलेल्यास त्याच हुकूमनाम्याखाली पुन्हा पकडता येत नाही. मात्र देणे तसेच राहते, हे येथेही विसरू नये.

तुरुंगाखालोखाल भीती असते ती जप्तीची. बेलिफ दारात आला की आता चूल विझणार असे बायाबापड्यांना वाटते. संहितेचे कलम ६० त्यांनी ऐकून ठेवावे. अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि धर्माच्या रिवाजाने स्त्रीने अंगावेगळे करू नये असे दागिने यांना हात लावता येत नाही. कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, गुरे आणि बियाण्याचे धान्य सुटते. शेतकरी, मजूर आणि घरगडी यांचे राहते घर सुटते. मजुराची मजुरीही सुटते. पगारदाराच्या पगारातील पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित असतात. एखाद्यास सोळा हजार पगार असेल तर अकरा हजार त्याच्या घरात येतात आणि पाच हजारांवर जप्ती बसू शकते; एकाच हुकूमनाम्यासाठी अशी जप्ती एकंदर चोवीस महिने चालली की त्या हुकूमनाम्यापुरता पगार कायमचा मोकळा होतो. मात्र हत्यारांची ही सूट हातांनी काम करणाऱ्या कारागिराची आहे. माग लावून कारखाना चालविणाऱ्यास ती मिळेलच असे नाही, आणि त्याचे घरही मजुराच्या घराप्रमाणे आपोआप सुटत नाही.

असे असताना माणसे बुडतात कशी? कायद्यामुळे थोडी आणि भीतीपोटी केलेल्या कृत्यांमुळे फार, असे आम्हांस वाटते.

पहिले कृत्य म्हणजे गप्प बसणे. समन्स घ्यायचे नाही, घेतले तर गादीखाली ठेवायचे. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी जबाब, म्हणजे कैफियत, द्यावी लागते. न्यायालयाने मुदत वाढविली तरी साधारणतः नव्वद दिवसांपर्यंत. न दिल्यास एकतर्फी हुकूमनामा होतो, आणि मग वीस हजारांच्या नुकसानीचे पन्नास हजार लिहिलेले असले तरी त्यास विरोध करणारा कोणी नसतो. एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घेण्यासही तीस दिवसांचीच मुदत आहे. त्याहून मोलाची एक गोष्ट येथे हातची जाते. हुकूमनामा देतेवेळी न्यायालय योग्य कारण पाहून रकमेचे हप्ते बांधून देऊ शकते. एकदा हुकूमनामा झाला की हप्त्यांसाठी घेणेकऱ्याची संमती लागते. तेव्हा गरिबाने आपली गरिबी सांगावयाची ती आधी, आणि न्यायाधीशासमोर.

दुसरे कृत्य म्हणजे घर मेहुण्याच्या नावे करणे, रिक्षा भावाच्या नावे करणे. कालपर्यंत जो केवळ निर्धन होता तो या एका सहीने लबाड ठरतो. असा व्यवहार घेणेकरी रद्द करवून घेऊ शकतो, आणि कैदेचे जे दार बंद होते ते देणेकरी स्वतःच्या हाताने उघडतो.

तिसरे कृत्य म्हणजे चार माणसांच्या दबावाखाली कोऱ्या धनादेशावर सही करून देणे. आजकाल ही रीत फार बोकाळली आहे. मूळ प्रकरण दिवाणी असते. परंतु भरपाईचे देणे कबूल करून दिलेला धनादेश न वटता परत आला आणि रीतसर नोटीस मिळाल्यावर पंधरा दिवसांत रक्कम दिली नाही, तर तो गुन्हा होतो. दोन वर्षांपर्यंत कैद, अथवा धनादेशाच्या दुपटीपर्यंत दंड, अथवा दोन्ही. ‘सही तेवढी माझी, रक्कम त्यांनी घातली’ ही तक्रार एकट्याने पुरत नाही. स्वखुशीने सही करून दिलेल्या धनादेशातील रकाने दुसऱ्याने भरले तरी जबाबदारी सुटत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली सांगितले आहे. म्हणून कबुली द्यावयाची तर कागदावर, रक्कम व हप्ते स्पष्ट लिहून आणि साक्षीदारांसमक्ष द्यावी. बँकेत शिल्लक नसता धनादेश देऊ नये.

चौथे कृत्य सर्वांत वाईट. नुकसान फिटेपर्यंत पोराला मालकाच्या मागावर बसविणे. शाळेतून नाव कमी होते ते असे. चौदा वर्षांखालील मुलास कारखान्यात राबविण्यास कायद्याने बंदी आहे, आणि मोठ्या माणसासही त्याच्या इच्छेविरुद्ध राबविणे ही बिगार आहे. घटनेच्या तेविसाव्या कलमाने ती निषिद्ध केली आहे आणि न्याय संहितेने तिला शिक्षा सांगितली आहे. देणे कितीही खरे असले तरी माणूस गहाण पडत नाही.

मुलांचे नाव निघाले म्हणून सांगतो. मुलाने चेंडूने काच फोडली तर बापाने ती भरून द्यावी ही शेजारधर्माची रीत आहे आणि ती चांगलीच आहे. कायद्याने मात्र केवळ बाप आहे म्हणून बाप देणेकरी होत नाही. त्याने सांगून करविले असेल, किंवा त्याची स्वतःची हयगय असेल, तर होतो. सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य गुन्हा नाही, आणि सात ते बारा वर्षांच्या मुलास समज आली होती की नाही हे पाहावे लागते. अठरांच्या आतील मुलाचा गुन्हा बाल न्याय मंडळापुढे जातो आणि ते मंडळ आईबापांस दंड भरावयास सांगू शकते. बाप वारला तर मुलावर त्याचे देणे येते ते वारशात जे मिळाले तेवढ्यापुरतेच. आपल्या शरीअतीतही कफन-दफनानंतर प्रथम देणे, मग वसीयत आणि शेवटी वारसांचे हिस्से, असाच क्रम आहे.

कारखान्यातील मजुराची गोष्ट आणखी निराळी आहे. मालकाचे काम करताना मजुराच्या हातून तिऱ्हाइताचे नुकसान झाले तर तिऱ्हाइतास मालकाकडे भरपाई मागता येते. आणि मालकाचेच नुकसान झाले, तर तो मन मानेल तशी मजुरी कापू शकत नाही. वस्तू मजुराच्या स्वाधीन केलेली असली पाहिजे, नुकसान त्याच्याच हयगयीने झाले असले पाहिजे, त्यास आपली बाजू सांगण्याची संधी दिली पाहिजे, आणि कापलेली रक्कम नुकसानीहून अधिक होता कामा नये. १९३६ च्या वेतन कायद्यापासून चालत आलेले हे नियम, २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या वेतन संहितेतही आहेत. आणि सर्व कपाती मिळून मजुरीच्या निम्म्याहून अधिक होऊ शकत नाहीत. वाहनाच्या बाबतीत तर उपाय आधीच सांगून ठेवलेला आहे. तिऱ्हाइताच्या जोखमीचा विमा काढणे सक्तीचे आहे, तो चालू असेल तर भरपाई विमा कंपनी देते. विम्याचे थोडे पैसे वाचविणारा घरच पणाला लावीत असतो.

येथवर आम्ही शेजाऱ्या-शेजाऱ्यांतील नुकसानीविषयी बोललो. दंगलीत झालेल्या नुकसानीचा मार्ग आपल्या राज्यात आता वेगळा आहे, आणि तो आपल्याच निमाडात वापरला गेला आहे. सार्वजनिक व खाजगी मालमत्तेच्या नुकसानीची वसुली करण्यासाठी मध्यप्रदेश विधानसभेने डिसेंबर २०२१ मध्ये एक कायदा केला. दंगा, बंद, मोर्चा अशा प्रसंगी नुकसान झाल्यास दावा न्यायाधिकरण नेमता येते. ते नुकसानीच्या दुपटीपर्यंत भरपाई ठरवू शकते, आणि त्याच्या निर्णयावर नव्वद दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते. १० एप्रिल २०२२ रोजी रामनवमीच्या दिवशी खरगोन येथे दगडफेक आणि जाळपोळ झाली. घरे जळाली, संसार उद्ध्वस्त झाले. त्यांत हिंदूंचे होते तसे मुसलमानांचेही होते. त्यानंतर तेथे असे न्यायाधिकरण बसले आणि भरपाईच्या नोटिसा निघाल्या. एक नोटीस एका बारा वर्षांच्या मुलाच्या नावे होती आणि रक्कम तीन लाखांच्या आसपास होती. वडील मजुरी करणारे. त्यांच्या नावे वेगळी नोटीस होती. प्रकरण इंदूरच्या उच्च न्यायालयात गेले, तेव्हा हरकत न्यायाधिकरणापुढेच मांडावी असे सांगण्यात आले.

त्या रात्री कोण कोठे होते याचा निर्णय करणे हे आमचे काम नव्हे. ज्यांची घरे जळाली त्यांना भरपाई मिळालीच पाहिजे, याविषयी दुमत नसावे. आम्हांस या गोष्टीतून एवढेच दाखवायचे आहे की, फौजदारी खटल्यात जे शाबीत व्हावे लागते त्यापेक्षा कमी पुराव्यावर दिवाणी जबाबदारी ठरू शकते. मुलाचे वय आगळिकीच्या आरोपात जसे त्याचे रक्षण करते तसे भरपाईच्या दाव्यात करीलच असे नाही. आणि मजुराच्या घरात तीन लाखांचा कागद आला असता हरकत लिहून देणारा, साक्षीपुरावा जमविणारा, मुदत मोजणारा कोणी तरी जवळ असावा लागतो. आपल्या वस्तीत असा माणूस आहे का, हा प्रश्न आम्ही आजच्या मंगल दिवशी विचारीत आहोत.

आता धर्माच्या दृष्टीने दोन शब्द. पवित्र कुरआनाच्या सूरह अंबियामध्ये हजरत दाऊद आणि हजरत सुलेमान यांच्यापुढे आलेल्या एका तंट्याचा उल्लेख आहे. रात्री कोणाच्या मेंढ्या दुसऱ्याच्या शेतात शिरल्या आणि त्यांनी पीक खाल्ले. भाष्यकार सांगतात की, हजरत दाऊद यांनी मेंढ्याच शेतवाल्यास देऊन टाकण्याचा विचार केला होता. सुलेमान तेव्हा लहान होते. त्यांनी सुचविले की, मेंढ्या शेतवाल्याकडे काही काळ ठेवाव्यात, त्याने दूध व लोकर घ्यावी. तोवर मेंढ्यांच्या मालकाने शेत पुन्हा पिकवून पूर्ववत करून द्यावे. मग ज्याचे त्याला परत. भरपाई पूर्ण झाली आणि कोणी देशोधडीलाही लागला नाही. आमच्या केळीच्या बागा आणि आमच्या शेळ्या यांच्यासाठी याहून चांगला निवाडा कोणता? अर्थात तो उभयपक्षी राजीखुशीचा असावा, सक्तीचा झाला की पुन्हा बिगार.

तंगीत सापडलेल्या देणेकऱ्यास सवड द्यावी, आणि सोडून दिले तर ते अधिक चांगले, अशी सूरह बकरहमध्ये शिकवण आहे. परंतु ही सवड मागण्याचा अधिकार प्रामाणिक माणसाचा. ज्याचे नुकसान झाले तोही कोणाचा तरी बाप आहे. त्याच्याही घरी लग्ने आणि आजारपणे आहेत. देणेकऱ्याने दरमहा पाचशे का होईना नेऊन द्यावेत, पावती घ्यावी, आणि तोंड चुकवू नये. नुकसान सोसणाऱ्याचा अर्धा राग पैशाचा असतो आणि अर्धा समोरचा भेटत नाही याचा असतो, असा आमचा अनुभव आहे. आणि सोसणाऱ्यानेही एवढा हिशेब करावा की, पळून गेलेल्या माणसाविरुद्धचा पूर्ण रकमेचा हुकूमनामा भिंतीवर टांगावयास बरा. गावात राहून कमावणाऱ्याचे हप्ते अधिक कामास येतात.

सूरह तौबामध्ये जकातीचे जे आठ धनी सांगितले आहेत, त्यांत ‘गारिमीन’, म्हणजे देण्याखाली दबलेले लोक, हे एक आहेत. आपला ट्रस्ट विधवांस, विद्यार्थ्यांस, रुग्णांस मदत करतो. गारिमीन हा शब्द मात्र आपल्या हिशेबाच्या वहीत क्वचितच दिसतो. म्हणून विश्वस्तांपुढे आम्ही तीन सूचना नम्रपणे ठेवतो.

पहिली, आठवड्यातून एक संध्याकाळ कार्यालयात कागद वाचून दाखविण्याची सोय करावी. आम्ही शिक्षक मंडळी त्या कामास येऊ. वकिलाची गरज असेल तेथे विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करून द्यावा. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, औद्योगिक कामगार आणि अल्प उत्पन्नाचे लोक यांना १९८७ च्या कायद्याने तेथे वकील विनामूल्य मिळतो. चौकशीसाठी १५१०० हा दूरध्वनी क्रमांक आहे.

दुसरी, नुकसानीच्या तंट्यांत दोन्ही पक्षांना बसवून रक्कम व हप्ते ठरवून द्यावेत आणि तो समझोता लोकअदालतीत नोंदवून घ्यावा. लोकअदालतीचा निवाडा हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो, त्यावर अपील नसते, आणि चालू दाव्यात भरलेली कोर्ट फी परत मिळते. घरगुती पंचायतीत ठरलेले चार महिन्यांत विसरले जाते; हे विसरले जात नाही.

तिसरी, देण्याखाली दबलेल्यांसाठी एक लहानसा निधी वेगळा काढावा. पैसे देणेकऱ्याच्या हाती न देता, ज्याचे नुकसान झाले त्याच्या हाती पावती घेऊन द्यावेत. काही रक्कम मदत म्हणून आणि काही कर्ज-ए-हसना, म्हणजे बिनव्याजी उसने म्हणून. जकातीचा पैसा कोणास लागतो हे उलेमांना विचारून ठरवावे; पण सदक्याचा पैसा वापरताना नुकसान कोणत्या धर्माच्या माणसाचे झाले हे विचारू नये. आग लागते तेव्हा ती विचारीत नाही.

सभाजनहो, ज्या प्रश्नाने आम्ही आरंभ केला त्याचे उत्तर आता देता येते. जवळ नाही म्हणून कायदा सहसा तुरुंगात घालीत नाही. असून लपविले, बोलावून आला नाही, कोऱ्या धनादेशावर सही केली, तर मात्र तो घालू शकतो. आणि दोन्ही परिस्थितींत देणे उरतेच. गरिबाचे संरक्षण कायद्यात लिहिलेले आहे, परंतु ते मागावे लागते, मुदतीत मागावे लागते, आणि मागण्यासाठी अक्षर वाचावे लागते. त्या अक्षरापर्यंत माणसाला नेऊन सोडणे हे धर्मादाय संस्थेचे काम आहे, असे आम्ही मानतो.

ट्रस्टचा पुढील महोत्सव येईल तेव्हा गारिमीनच्या रकान्यात काही नावे खोडलेली दिसावीत, म्हणजे देणे फिटल्याची खूण दिसावी, एवढी दुआ करून आम्ही आपली रजा घेतो.